लोण्याचा प्रदेश, साखरेचं राज्य

१९७१च्या जानेवारीत फिनलंडच्या पूर्व टोकाकडून, सोव्हिएत सरहद्दीला लागून असलेल्या नॉर्थ कारेलिया प्रांतातून, राजधानी हेलसिंकीला एक निवेदन गेलं. त्यावर प्रांताच्या गव्हर्नरची सही होती, खासदारांच्या होत्या, स्थानिक संस्थांच्या प्रतिनिधींच्या होत्या. रस्ता हवा, कारखाना हवा असली मागणी त्यात नव्हती. आमचे पुरुष ऐन कर्तेपणात हृदयविकारानं मरताहेत, सरकारनं काहीतरी करावं, एवढंच म्हणणं होतं. प्रांताची वस्ती जेमतेम १ लाख ८० हजार. अमेरिकी शास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी १९५८पासून सात देशांत जो मोठा अभ्यास चालवला होता, त्यात पूर्व फिनलंडच्या पुरुषांचा हृदयविकारानं मरण्यात सगळ्यात वरचा नंबर लागला होता.

मरणारी माणसं कोण होती हे पाहिलं की आपल्याकडच्या आरोग्यविषयक व्याख्यानांची निम्मी हवा जाते. ती खुर्चीत बसणारी, पोट सुटलेली शहरी माणसं नव्हती. लाकूडतोडे होते, गाईगुरं सांभाळणारे लहान शेतकरी होते. दिवसभर बर्फात कुऱ्हाड चालवणाऱ्याला ‘रोज अर्धा तास चाला’ हा सल्ला देणार कसा? युद्धातली टंचाई संपली होती, दूधदुभतं वाढलं होतं, आणि ज्यांनी उपास काढले त्यांच्या घरात लोणी ही सुबत्तेची खूण झाली होती. पावाला लोणी, स्वयंपाकाला लोणी, सायीसकट दूध, खारवलेलं डुकराचं मांस. भाजीपाला म्हणजे जनावरांचं खाणं, असं पुरुष उघड म्हणत. निम्म्याहून अधिक पुरुष सिगारेट ओढत होते.

हे सगळं सांगायचं कारण असं, की महाराष्ट्रात मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, तोंडाचा कर्करोग यांच्याबद्दल जे बोललं जातं त्याचा सूर ठरलेला आहे. मीठ कमी, साखर कमी, तेल कमी, व्यायाम करा, ताण घेऊ नका, वेळच्या वेळी तपासणी करा. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर हेच, रविवारच्या पुरवणीत हेच, सोसायटीच्या गणेशोत्सवातल्या डॉक्टरांच्या भाषणातही हेच. यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. पण यातल्या प्रत्येक वाक्याचा कर्ता तो ऐकणारा माणूस आहे. सरकार, बाजार, कारखानदार, रेशन दुकान, शाळेचं स्वयंपाकघर यांपैकी कुणालाच त्यात काही करायचं नसतं. म्हणून तर हा उपदेश सगळ्यांना आवडतो. त्यानं कुणाचं नुकसान होत नाही, कुणी रागावत नाही, आणि पाच वर्षांनी आजार वाढलेले दिसले की ‘लोकच ऐकत नाहीत’ असं म्हणायची सोय राहते. एखाद्या प्रदेशाचे जुनाट आजार कमी करायचे असतील तर त्या प्रदेशाच्या खरेदी-विक्रीत, दरात आणि सरकारी योजनांत हात घालावा लागतो, असं माझं म्हणणं आहे. नॉर्थ कारेलियानं नेमकं तेच केलं, आणि महाराष्ट्र नेमकं तेच टाळतो.

तिथला प्रकल्प १९७२मध्ये सुरू झाला. त्याची धुरा पेक्का पुस्का या विशीतल्या डॉक्टरकडे आली. तरुण असल्यामुळे की काय, त्यानं रुग्णालयं वाढवायची मागणी केली नाही. सुरुवात मात्र आपल्यासारखीच झाली : पत्रकं, सभा, भाषणं. लोकांनी ऐकून घेतलं आणि घरी जाऊन लोणी खाल्लं. मग प्रकल्पातल्या मंडळींनी मार्था संघटनेच्या बायकांना हाताशी धरलं. ही १८९९पासून चालत आलेली, गृहिणींना स्वयंपाक आणि घरकाम शिकवणारी संघटना. तिच्या शाखा गावोगाव होत्या. या बायकांनी गावात संध्याकाळचे कार्यक्रम ठेवले. तिथे प्रांताचा नेहमीचाच रस्सा शिजवला जायचा, फक्त त्यातली चरबी कमी केलेली आणि गाजर, कंदमुळं वाढवलेली. खाणाऱ्याला ‘आहारशास्त्र’ शिकवायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. आपलाच पदार्थ असाही चांगला लागतो, एवढं त्याच्या जिभेला कळलं तरी पुरे होतं.

त्याच्या जोडीला गावातली माणसं निवडली गेली. दुकानदार असेल, एखाद्या मंडळाचा चिटणीस असेल, ज्याचा शब्द चार लोक मानतात असा कुणीतरी. असे आठशेच्या आसपास स्त्री-पुरुष प्रकल्पानं तयार केले. टीव्हीवर सिगारेट सोडणाऱ्यांचा कार्यक्रम झाला, त्यात खरी माणसं सगळ्या देशासमोर सिगारेट सोडत होती, चुकत होती, परत सोडत होती. पुढे गावागावांत कोलेस्टेरॉल कमी करण्याची स्पर्धाही लागली. स्पर्धेचं नाव काढल्यावर आपल्या वाचकाला हसू येईल, पण महाराष्ट्रानं यात नाक मुरडू नये. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात २०००-०१पासून आपली गावं एकमेकांशी चढाओढ करून झाडू मारत होती आणि २०१६पासून पाण्यासाठी चर खणण्याच्या स्पर्धेत शहरातली पोरं गावी जाऊन घाम गाळत होती. आणि गावातल्या माणसाला आरोग्याचा कार्यकर्ता करण्यात तर आपण फिनलंडच्या मागे नव्हतोच. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी जामखेडला १९७०मध्ये काम सुरू केलं. दुष्काळी तालुक्यातल्या, बहुतेक निरक्षर बायका त्यांनी आरोग्यसेविका म्हणून उभ्या केल्या. म्हणजे माणसं जोडण्याची अक्कल आपल्याकडे होती, आजही आहे. कमी पडतं ते पुढचं.

पुढचं म्हणजे व्यापार. लोकांना कमी चरबीचं दूध प्या म्हटलं, तर ते दुकानात मिळायला हवं. म्हणून प्रकल्पाची माणसं डेअऱ्यांकडे गेली. सॉसेज बनवणाऱ्याकडे गेली आणि त्यातली चरबी आणि मीठ कमी करायची गळ घातली. बेकरीवाल्यांकडे मिठासाठी गेली. हे सुखासुखी झालं नाही. नॉर्थ कारेलिया हा दुधावर जगणारा प्रांत, तिथे लोण्याविरुद्ध बोलणं म्हणजे शेजाऱ्याच्या गोठ्यावर दगड मारणं. दूध उत्पादक चिडले, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. त्यांच्या दुधाचा भाव चरबीवर ठरत होता. जास्त चरबी, जास्त पैसे. आपल्या दूधसंकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ मोजून भाव ठरतो, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही अडचण समजावून सांगायला नको. शेतकऱ्याला चरबीचे पैसे द्यायचे आणि गिऱ्हाईकाला चरबी खाऊ नका म्हणायचं, हा प्रकार फार दिवस चालत नाही. फिनलंडनं कालांतरानं दुधाच्या भावात चरबीऐवजी प्रथिनांना वजन दिलं. थंड हवेत तग धरणाऱ्या, मोहरीच्या कुळातल्या तेलबियांच्या जाती तिथे लावल्या गेल्या, त्यामुळे लोण्याला देशी तेलाचा पर्याय मिळाला. १९८०च्या दशकात प्रांतात बेरीच्या लागवडीला उत्तेजन दिलं गेलं. दूध कमी खपेल म्हणून धास्तावलेल्या शेतकऱ्याला त्याच मातीत, त्याच हवेत येणारं दुसरं नगदी पीक हातात मिळालं. १९७६मध्ये संसदेनं तंबाखूचा कायदा केला, जाहिराती बंद झाल्या. १९९३पासून जास्त मीठ असलेल्या पदार्थांच्या वेष्टनावर तसं छापणं बंधनकारक झालं. इशारा छापावा लागू नये म्हणून उत्पादकांनी आपणहून मीठ उतरवलं, ही त्यातली खरी गंमत.

२००६पर्यंत नॉर्थ कारेलियातल्या कामकरी वयाच्या पुरुषांचा हृदयविकारानं होणारा मृत्युदर १९७०च्या आसपासच्या मानानं सुमारे ८५ टक्क्यांनी खाली आला होता.

इथे शंका काढायला जागा आहे आणि ती काढायलाच हवी. प्रकल्पाच्या तुलनेसाठी शेजारचा कुओपिओ प्रांत निवडला होता, जिथे हे काही करायचं नव्हतं. सुरुवातीची काही वर्षं गेल्यावर कुओपिओतही मृत्यू कमी होऊ लागले, आणि अखेरीस सबंध फिनलंडमध्येच घट ८० टक्क्यांच्या घरात गेली. मग प्रकल्पानं वेगळं काय साधलं, असं टीकाकार विचारतात. प्रश्न बिनतोड वाटतो, पण जरा थांबलं की तोच माझ्या बाजूनं बोलायला लागतो. मार्था संघटनेची संध्याकाळ एका गावापुरती असते. डेअरीचं नवं दूध, टीव्हीवरचा कार्यक्रम, तंबाखूचा कायदा, दुधाच्या भावाचं सूत्र यांना प्रांताची वेस नसते. प्रकल्पातली जी साधनं खरोखर प्रभावी ठरली ती शेजारच्या प्रांतातही आपसूक पोचली, आणि १९७७पासून तर ती देशभर नेण्याचंच ठरलं. दुसरी शंका औषधांची : माणसं चांगल्या उपचारांनी वाचली असतील. काही नक्कीच वाचली. १९८२ ते १९९७ या काळातल्या फिनलंडच्या आकड्यांचं गणित मांडलं गेलं, तेव्हा घटीतला साधारण पाव हिस्सा उपचारांच्या पदरात पडला आणि निम्म्याहून बराच अधिक हिस्सा कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि धूम्रपान उतरल्याच्या पदरात.

ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५मध्ये यामागचं तत्त्व मांडलं होतं. त्यांनी केनियातल्या भटक्या पशुपालकांचे आणि लंडनच्या सरकारी नोकरांचे रक्तदाब शेजारी शेजारी ठेवले. लंडनमध्ये मूठभर आजारी माणसं जास्त होती एवढाच फरक नव्हता. सगळीच्या सगळी लोकसंख्या वरच्या अंगाला सरकलेली होती, ज्यांना आपण निरोगी म्हणतो तेसुद्धा. यातून निघतं ते असं, की झटका येणाऱ्यांपैकी बहुसंख्य माणसं ‘थोडासाच धोका’ असलेल्या मोठ्या गर्दीतून येतात, कारण गर्दीच मोठी असते. फक्त धोक्याच्या लाल रेषेपलीकडचे लोक शोधून त्यांना गोळ्या देत बसलं, तर रेषेअलीकडून नवे लोक येतच राहतात. त्या सगळ्या गर्दीला किंचित खाली सरकवायचं असेल तर ती सगळीजण जे खातात तेच बदलावं लागतं, आणि तेही त्यांनी रोज सकाळी उठून नवा निश्चय न करता.

आता महाराष्ट्राकडे येऊ. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आढळला. मधुमेहात सगळ्यात वर गोवा आहे : २६.४ टक्के, म्हणजे चारातल्या एकाहून जास्त. आता ‘शुगर’ आणि ‘बीपी’ हे शब्द तालुक्याच्या एसटी स्टँडवरही सासूसुनेच्या गप्पांत येतात.

पण आपली गाठ नॉर्थ कारेलियापेक्षा गुंतागुंतीची आहे. ती उलगडण्याचं मोठं काम पुण्यात झालं. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा माग ठेवला. तिथे जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. पुण्याची बाळं सगळ्या मापांत लहान होती, स्नायूंनी अगदीच कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्यांनी राखून ठेवलेली. बारीक दिसणारं आणि तरीही चरबीदार शरीर जन्मताच तयार. २००४मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच आकडे छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स तंतोतंत सारखा, २२.३. चरबी मात्र एकाच्या अंगात ९.१ टक्के आणि दुसऱ्याच्या अंगात २१.२ टक्के. जास्त कुणाची ते सांगायची गरज नाही.

यामुळे आपल्याकडचा उपदेश दुहेरी फसतो. आईच्या पोटात असताना जे कमी पडलं ते पन्नाशीत बागेत फेऱ्या मारून भरून निघत नाही. शिवाय कमी खा असं सांगायचं तरी कुणाला? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आढळली, निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय, आणि त्याच वेळी २३ टक्के बायकांचं वजन जास्त. एकाच वाडीत, कधी एकाच घरात, दोन्ही टोकं नांदतात. अशा राज्यात जुनाट आजारांचा प्रतिबंध म्हणजे अंगणवाडीचा आहार, गर्भवतीच्या ताटातली डाळ, अंडं आणि पालेभाजी. पण ते काम महिला व बालविकास खात्याचं, आणि मधुमेह आरोग्य खात्याचा. दोन खात्यांच्या मधली भिंत आपल्या शरीरात नसते, मंत्रालयात मात्र असते.

आपण करतो काय? कर्करोग, मधुमेह, हृदयविकार यांच्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०पासून चालू आहे. आशाताई घरोघर जाऊन तिशीपुढच्या माणसांचा तक्ता भरतात : तंबाखू खाता का, कंबरेचा घेर किती, घरात कुणाला रक्तदाब आहे का. गुण जास्त पडले की माणसाला उपकेंद्रात पाठवायचं. हे काम उपयोगाचं आहे, उच्च रक्तदाबाची गोळी नियमित मिळणं ही लहान गोष्ट नाही, आणि तुटपुंज्या मोबदल्यावर ते करणाऱ्या बायकांबद्दल मनात आदरच आहे. पण रोझ यांच्या हिशेबात हे रेषेपलीकडची माणसं शोधणंच झालं. अहवालात आकडा येतो तो तपासण्यांचा : इतक्या लाखांची तपासणी पूर्ण. जिल्ह्याचा सरासरी रक्तदाब गेल्या पाच वर्षांत वर गेला की खाली आला, याचा आकडा कुठल्याच आढावा बैठकीत मागितला जात नाही. नॉर्थ कारेलियात दर पाच वर्षांनी नवा नमुना घेऊन नेमकं तेच मोजलं जात होतं. कोविडच्या पहिल्या वर्षात राज्यानं घरोघरच्या पाहणीला ‘माझं कुटुंब, माझी जबाबदारी’ असं नाव दिलं होतं. साथीच्या घाईत ते शोभलं असेलही. पण आरोग्याच्या आपल्या सगळ्या धोरणाचं तेच घोषवाक्य होऊन बसलंय असं वाटत राहतं.

उपदेशाशिवाय काम होतं याचे दाखले शोधायला फिनलंडला जायचीही गरज नाही. गलगंड टाळण्यासाठी आयोडिन घ्या म्हणून कुणी घरोघर विनवण्या करत फिरलं नाही. मिठातच आयोडिन आलं. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटचं तसंच. हृदयाला घातक असलेली ही चरबी किती असावी यावर केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं मर्यादा आणत आणत १ जानेवारी २०२२पासून ती २ टक्क्यांवर आणली. खारी, टोस्ट, नानकटाई खाणाऱ्या माणसाला याची खबरही नाही, आणि ती असायची गरजही नव्हती. ‘सरकारनं आमच्या ताटात डोकावू नये’ असं म्हणणारे या ठिकाणी हटकून स्वातंत्र्याचा मुद्दा काढतात. पण बिस्किटाच्या पुड्यात किती साखर आणि कुठलं तेल घालायचं हे गिऱ्हाईकानं कधी ठरवलं होतं? ते आधीच दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या कशासाठी तरी ठरवलेलं असतं.

कायदा केला की झालं असंही नाही, याला गुटखा साक्षी आहे. महाराष्ट्रानं २०१२मध्ये गुटख्यावर बंदी घातली. लवकरच टपरीवर एक पुडी पानमसाल्याची आणि एक तंबाखूची अशी जोडी लटकू लागली. गिऱ्हाईक दोन्ही हातावर ओतून एकत्र करतं, झाला गुटखा. सरहद्दीपलीकडून माल येतोच. २०१६-१७च्या पाहणीनुसार राज्यातले २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात आणि धूम्रपान करणारे ४ टक्क्यांहून कमी आहेत. म्हणजे आपलं दुखणं फिनलंडच्या सिगारेटपेक्षा वेगळं आहे. मिश्री लावणारी आजी, मावा चघळणारा रिक्षावाला आणि विदर्भात घोटलेला खर्रा खाणारं पोर, या तिघांपैकी कुणीच सिगारेटच्या पाकिटावरचा इशारा वाचणार नाही. गडचिरोलीत २०१६पासून ‘मुक्तिपथ’ नावानं सबंध जिल्हाभर जे काम चाललं आहे, त्यात ‘सर्च’ संस्था, शासन आणि गावं एकत्र आली. गावानंच ठराव करून दारू आणि खर्रा विकणं बंद करायचं, बायकांच्या संघटनेनं लक्ष ठेवायचं, सोडू पाहणाऱ्याला उपचार द्यायचे. कायदा, गाव आणि दवाखाना तिन्ही एका वेळी. प्रदेश हे एकक धरून केलेलं, नॉर्थ कारेलियाच्या कुळीतलं हे आपल्याकडचं काम. एका जिल्ह्याला जमेल ते पस्तीस जिल्ह्यांत का नेलं जात नाही, हा प्रश्न गडचिरोलीला विचारून उपयोग नाही.

मिठाच्या बाबतीत मात्र फिनलंडची नक्कल चालणार नाही. तिथलं मीठ पाव आणि सॉसेजमधून येत होतं, म्हणजे कारखान्यातून. आपलं बहुतेक मीठ घरातच पडतं : आमटीत, भाकरीच्या पिठात, लोणच्यात, पापडात, ठेच्यात, आणि वर ताटाच्या कडेलाही चिमूटभर वाढलेलं असतं. पाकीटबंद पदार्थांवर नियम आणले तरी त्यातला थोडाच भाग हाताशी येईल. इथे चीनचा एक प्रयोग उपयोगाचा आहे. तिथल्या ६०० खेड्यांतल्या जवळपास २१ हजार लोकांवर तो झाला, निष्कर्ष २०२१मध्ये आले. निम्म्या गावांना नेहमीच्या मिठाऐवजी एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं मीठ दिलं. बाकी काही सांगितलं नाही म्हटलं तरी चालेल. पाच वर्षांत त्या गावांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी भरलं. मूत्रपिंडाच्या रुग्णांना असं मीठ चालत नाही, ती काळजी घ्यावीच लागेल. पण आयोडिनचं मीठ रेशनच्या दुकानापर्यंत पोचवणाऱ्या यंत्रणेला हे अवघड जाऊ नये. अडचण दराची आहे. असं मीठ आज औषधासारखं, सुपरमार्केटच्या वरच्या फळीवर, महाग मिळतं. ज्याला परवडतं त्याचा रक्तदाब बहुधा आधीच तपासलेला असतो.

आणि दराचा प्रश्न मिठावर थांबत नाही. सोलापूर, मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी ही एकेकाळी गरिबाघरची भाकरी होती. रेशनवर दशकानुदशकं गहू आणि तांदूळ मिळत राहिले, सरकारी खरेदीही मुख्यतः त्यांचीच झाली, ज्वारीखालची जमीन आटत गेली. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं तेव्हा पुण्या-मुंबईत ज्वारीचे लाडू आणि बाजरीची बिस्किटं प्रदर्शनात मांडली गेली, आणि ज्या घरात दोन पिढ्यांपूर्वी भाकरीशिवाय दुसरं काही नव्हतं त्या घराला आता भाकरी चपातीपेक्षा महाग पडते. लोक ज्वारी विसरले, असं म्हणायची पद्धत आहे. रेशन कार्डावर जे मिळत नाही ते गरीब माणूस विसरतोच. २०२२च्या दिवाळीत राज्य सरकारनं ‘आनंदाचा शिधा’ दिला : शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल. गोरगरिबांची दिवाळी गोड व्हावी ही इच्छा कुणी वाईट म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण त्याच सरकारच्या दवाखान्याच्या भिंतीवर काय लिहिलं आहे, ते पाकीट भरणाऱ्यानं वाचलं होतं का? पामतेलाच्या जागी करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल देता आलं असतं, दोन्हीही इथल्याच मातीत येतात. ते महाग पडलं असतं हे खरं. त्या फरकाचे पैसे म्हणजेच प्रतिबंधाचा खर्च, आणि तो अर्थसंकल्पात आरोग्याच्या नावावर दाखवायची आपल्याला सवय नाही.

शेवटी साखरेशी येऊन थांबावं लागतं. मधुमेहाचं सगळं खापर साखरेवर फोडता येत नाही. पॉलिश केलेला तांदूळ, मैदा, तेल, बसून केलेलं काम आणि आईच्या पोटातलं कुपोषण यांचा वाटा मोठा आहे. पण लोणी जसं नॉर्थ कारेलियाच्या सुबत्तेची खूण होतं, तशी साखर पश्चिम महाराष्ट्राच्या सुबत्तेची आहे. १९५०च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी पहिला सहकारी कारखाना उभा केला, त्यातून शाळा निघाल्या, दवाखाने निघाले, वैद्यकीय महाविद्यालयंही निघाली. पिकाखालच्या जमिनीचा लहानसा हिस्सा व्यापणारा ऊस सिंचनाच्या पाण्याचा सगळ्यात मोठा वाटा घेतो. साखर खाऊ नका असं म्हणणाऱ्याला या राज्यात वेड्यात काढतात असं नाही, त्याला टाळ्या मिळतात. फक्त साखर कमी पिकवू या असं त्यानं म्हणायचं नाही. फिनलंडच्या दूध उत्पादकाला बेरी आणि तेलबियांचा आधार मिळाला, तसा ऊस उत्पादकाला काय मिळणार, हे ठरवल्याशिवाय साखरेविरुद्धचं सगळं बोलणं शेतकऱ्याच्या जिवावर उदार होणं आहे.

आधार अगदीच नाही असंही नव्हे. उसाच्या रसापासून थेट इथेनॉल केलं तर कारखाना चालतो, शेतकऱ्याचे पैसे निघतात आणि तेवढी साखर कुणाच्या चहात पडायची गरज उरत नाही. पाण्याचा प्रश्न त्यानं सुटत नाही, पण पोटाचा आणि उसाचा संबंध थोडा सैल होतो. ७ डिसेंबर २०२३ला केंद्र सरकारनं कारखान्यांना त्या हंगामात रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. पाऊस कमी झाला होता, साखर कमी होईल आणि महागेल अशी भीती होती. आठवडाभरानं आदेश जरा ढिला झाला, पण मर्यादा राहिली. महिनाभर वर्तमानपत्रं त्यावर लिहीत होती. कारखान्यांच्या कर्जावर लिहिलं गेलं, इंधन मिश्रणाच्या उद्दिष्टावर लिहिलं गेलं, निवडणुकीच्या वर्षात साखर स्वस्त ठेवण्याच्या गरजेवर लिहिलं गेलं. दहा कोटींहून अधिक मधुमेही असलेल्या देशात साखर महाग होणं ही आरोग्य खात्याला विचारण्याजोगी गोष्ट आहे, असं त्या चर्चेत माझ्या तरी वाचनात आलं नाही.